व्यसन आणि मानसिक आजार एकाच माणसाला असतील, तर उपचार टिकवायचे कसे?

कृष्णाकाठ | मंगळवार, रात्री १०:१५

माझ्या धाकट्या भावाला बायपोलर (मूडचे टोकाचे चढउतार होण्याचा आजार) आहे आणि दारूचं व्यसनही आहे. आम्ही मिरजेचे. त्याचे उपचार सुरू करणं आम्हाला कधीच अवघड गेलं नाही, तो स्वतःहून गाडीत बसतो. अवघड जातं ते पुढे चालू ठेवणं. डिस्चार्जनंतरचे पहिले काही आठवडे बरे जातात. मग डॉक्टरांची एक तारीख चुकते, मग गोळ्या, मग दारू. कधी आधी दारू आणि मग गोळ्या. शेवट तोच.

मला सगळ्यात जास्त छळतं ते दोन दारांमधलं हेलपाटणं. मनोविकारतज्ज्ञांकडे गेलो तर ते म्हणाले, आधी दारू सोडवून आणा, मग नेमका आजार कोणता ते कळेल. व्यसनमुक्तीसाठी गेलो तर एका ठिकाणी मानसिक पेशंट घेत नाही म्हणून परत पाठवलं. दुसऱ्या ठिकाणी घेतलं, पण त्याचं लिथियम, म्हणजे मूड स्थिर ठेवणारी गोळी, बंद केलं. इथे एकही गोळी चालत नाही, असा त्यांचा नियम. तिथून तो घरी आला तेव्हा रात्र रात्र जागा होता आणि तीन धंद्यांचे आराखडे भिंतीवर लिहीत होता. (केंद्राचं नाव विचारू नका, मी सांगणार नाही.)

आई म्हणते, "आजार दोन असतील, पोरगा एकच आहे ना?"

ज्यांच्या घरात दोन्ही आहे त्यांनी उपचार टिकवले कसे? डॉक्टर, समाजसेवक, स्वतः यातून गेलेले, सगळ्यांनी लिहा. इच्छाशक्ती हवी, हे आम्हाला ऐकवून झालेलं आहे.

रानजाई | मंगळवार, रात्री १०:५२

ताई, आमच्याकडे मुलगा. स्किझोफ्रेनिया (नसलेले आवाज ऐकू येतात तो आजार) आणि गांजा. सविस्तर उद्या लिहिते, आत्ता फक्त एवढंच की तुम्ही एकट्या नाही.

पिंपळपान | बुधवार, सकाळी ७:३०

मी मानसोपचार विभागात समाजसेवक म्हणून काम करते. तुम्ही लिहिलेली दोन दारं हाच माझ्या मते या प्रश्नाचा गाभा आहे. पेशंटने उपचार सोडले असं आपण फाईलवर लिहितो. बऱ्याचदा त्याला धरून ठेवायला दोन्हीकडे कुणी नव्हतं, एवढंच घडलेलं असतं.

दोन्ही आजारांवर एकाच चमूने, एकाच वेळी उपचार करायचे, या पद्धतीवर अमेरिकेत न्यू हॅम्पशायर राज्यात रॉबर्ट ड्रेक, किम म्यूसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्या कामातली एक मांडणी मला रोज उपयोगी पडते. ती ओशर आणि कोफोएड यांनी १९८९ मध्ये मांडली. उपचाराचे चार टप्पे: आधी माणसाशी नातं जोडणं, मग त्याला स्वतःला बदल हवासा वाटेपर्यंत सोबत राहणं, मग प्रत्यक्ष व्यसन सोडण्याचे उपचार, आणि शेवटी पुन्हा घसरू नये म्हणून काळजी. आपल्याकडे जवळजवळ सगळे तिसऱ्या टप्प्यापासून सुरू करतात. माणूस अजून डॉक्टरांचं नाव नीट घेत नसतो आणि आपण त्याच्याकडून कायमची शपथ मागतो. तो हो म्हणतो, कारण त्याला घरी जायचं असतं.

तुमचा भाऊ स्वतःहून गाडीत बसतो म्हणजे पहिला टप्पा बऱ्यापैकी झालेला आहे. दुसऱ्या टप्प्यात त्याला पुरेसा वेळ मिळाला का, हे बघावं लागेल.

आता घरच्यांच्या हातात काय आहे? सगळ्यात नाजूक काळ डिस्चार्ज ते पहिली तपासणी. "पंधरा दिवसांनी या" यावर घरी येऊ नका. तारीख, वेळ, भेटायच्या माणसाचं नाव आणि फोन, सगळं वॉर्डातून निघायच्या आधी लिहून घ्या. पहिली भेट आठवड्याच्या आत मागा. शक्य असेल तर बाहेर ज्यांच्याकडे दाखवणार आहात त्यांना तो ॲडमिट असतानाच एकदा भेटवा. भावाकडून एक साधं संमतिपत्र घ्या, की व्यसनमुक्तीचे समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञ माझ्याबद्दल एकमेकांशी बोलू शकतात. या एका कागदाने फार फरक पडतो, कारण एरवी गोपनीयता मोडू नये म्हणून दोघंही गप्प राहतात आणि मधला निरोप्या पेशंटच होतो.

तारीख चुकली तर त्याच दिवशी फोन जायला हवा, शक्यतो दवाखान्यातून. "का आला नाहीत?" असं विचारायचं नाही. "उद्या अकराला जमेल का?" एवढंच.

जुना_गडी | बुधवार, सकाळी ९:०५

लहान तोंडी मोठा घास म्हणा हवं तर, पण माझ्या मेव्हण्याने वडिलांच्या दहाव्याला दारू सोडली ती सोडलीच. कुठलं केंद्र नाही, गोळी नाही. मनात आणलं तर होतं. सगळं आजारावर ढकललं की माणूस स्वतः काही करत नाही असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

आजचा_दिवस | बुधवार, दुपारी १:२०

काका, तुमच्या मेव्हण्यांना नमस्कार सांगा. असं सोडणारे असतात, मी पाहिलेत.

मी मात्र तसा नव्हतो. मला नैराश्य आहे, दारू सुटून बराच काळ झाला तरी आहे, आणि त्याची गोळी मी आजही घेतो. नैराश्यात 'मनात आणणं' हीच गोष्ट बिघडलेली असते. दात घासायला उठणं होत नाही, तिथे निर्धार कुठून आणायचा? तरीही माझ्या वाट्याचं काम मलाच करावं लागलं. ते काम रोज त्याच दवाखान्यात, त्याच मीटिंगला जाणं हे होतं. आजार मान्य केला म्हणून जबाबदारी संपली नाही. तिचा पत्ता सापडला, एवढंच.

ताई, तुमचा भाऊ तारीख का चुकवत असेल ते माझ्या बाजूने सांगतो. तारखेच्या आदल्या रात्री प्यायलेला असतो. सकाळी तोंडाला वास. त्या डॉक्टरांनी मागच्या वेळी पाठ थोपटलेली असते. त्यांच्यासमोर कसं जायचं? मग ठरवतो की चार दिवस कोरडे काढू आणि जाऊ. ते चार दिवस येत नाहीत. माझ्या डॉक्टरांनी एक वाक्य सांगितलं होतं, "पिऊन असलास तरी ये, बरा असलास तर नाही आलास तरी चालेल." ते त्यांनी शब्दशः पाळलं. मी झिंगलेला गेलो, त्यांनी पाच मिनिटं बोलून, बीपी बघून परवाची वेळ दिली. मी परवा गेलो. भावाच्या डॉक्टरांना हे वाक्य त्याच्यासमोर म्हणायला सांगा. तुम्ही म्हणून उपयोग नाही, त्यांनी म्हणायला हवं.

आता गोळ्यांचं. आमच्या बारा पायऱ्यांच्या गटांमध्ये, म्हणजे अल्कोहोलिक्स अनॉनिमस (एए) मध्ये, काही जुने सभासद अजूनही म्हणतात, की गोळी खातोस म्हणजे तू खरा कोरडा नाहीस. एए मध्ये जाणाऱ्या प्रत्येकाने हे लक्षात ठेवावं, की एए च्या स्वतःच्या पत्रकात याच्या उलट लिहिलं आहे: कोणत्याही सभासदाने डॉक्टरकी करू नये, औषधाचा प्रश्न सभासद आणि त्याचा डॉक्टर यांच्यातला आहे. मला दोनदा गोळी सोडायला लावणारे भेटले. मी गट बदलला, एए सोडलं नाही. आज माझा स्पॉन्सर, म्हणजे गटातला मला सांभाळणारा जुना सभासद, मला फोनवर पहिला प्रश्न विचारतो, "गोळी घेतलीस?"

आणि पुण्यात मुक्तांगण १९८६ मध्ये सुरू झालं ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. डॉ. अनिता अवचट स्वतः मनोविकारतज्ज्ञ होत्या. महाराष्ट्रातल्या सगळ्यात नावाजलेल्या व्यसनमुक्ती केंद्राचा जन्मच मानसोपचाराच्या अंगणात झाला. तेव्हा "मानसिक आजारवाले आमच्याकडे नकोत" ही काही या क्षेत्राची जुनी रीत नाही.

जुना_गडी | बुधवार, दुपारी २:१०

समजलं. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं.

मनडॉक्टर | बुधवार, रात्री ११:४०

ओपीडी संपवून लिहितो आहे. मनोविकारतज्ज्ञ आहे. तुमच्या भावाला मी तपासलेलं नाही, त्यामुळे हे सर्वसाधारण समजा.

"आधी दारू सोडा, मग निदान" यात अर्धं तथ्य आहे. सतत पिणाऱ्या माणसाला दारूमुळेच उदासी, भीती, भास होऊ शकतात. दारू थांबल्यावर साधारण महिनाभरात ते ओसरले तर निदान बदलतं. पण तो महिनाभर माणसाला कुणीच बघायचं नाही, असा याचा अर्थ नाही. आणि पूर्वी स्पष्ट मॅनिया (बायपोलरमधला अति उत्साहाचा झटका) येऊन गेलेला असेल तर थांबायचं कारणच उरत नाही. दोन्हींचे उपचार पहिल्या दिवसापासून.

निदानासाठी घरच्यांनी आणलेली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे एक कागद. आडवी रेषा ओढा, तिच्यावर वर्षं टाका. रेषेच्या वर मूडचे चढउतार, खाली दारू. पहिली झोप कधी उडाली? पहिला ग्लास कधी? मधे कोरडे महिने होते का, आणि त्या महिन्यांत मन कसं होतं? शक्यतो पेशंटला सोबत घेऊन भरा. फाईलमधल्या बऱ्याच रिपोर्टांपेक्षा या कागदातून मला जास्त कळतं.

दुसरं, आणि हे कृपया सगळ्यांनी वाचा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरी एका झटक्यात बंद करू नका. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो, हात थरथरतात, ताप येतो, नसलेली माणसं दिसतात. यात जीव जाऊ शकतो. आजारी माणसाला कोंडून "उतरू दे" म्हणणारी घरं मी पाहतो तेव्हा काळजात धस्स होतं. डिटॉक्स, म्हणजे अंगातली दारू उतरवणं, दवाखान्यात, बी-१ जीवनसत्त्वासकट व्हायला हवं.

तिसरं लिथियम. त्याची रक्तातली पातळी, थायरॉइड आणि किडनी ठरावीक काळाने तपासावीच लागते. दारूच्या उलट्या, जुलाब, अंगातलं पाणी कमी होणं, यांनी पातळी वर जाते. डोकं दुखतं म्हणून दुकानातून आणलेल्या आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅकनेही वर जाते. हात खूप थरथरणं, तोल जाणं, बोलणं अडखळणं दिसलं तर "प्यायलाय" म्हणून सोडून देऊ नका. पिऊन आल्यासारखी दिसणारी लिथियमची विषबाधा असू शकते.

एक_वाचक_लातूर | गुरुवार, सकाळी ८:१२

डॉक्टर, भिंतींवर जाहिराती असतात, 'पेशंटच्या नकळत दारू सोडवा'. आमच्या नात्यात एकजण पिठात गोळी मळून देतात. नवऱ्याला आधीपासून संशयाचा आजार आहे. चालतं का हे?

मनडॉक्टर | गुरुवार, सकाळी ८:४५

नाही. आजच थांबवा आणि ती गोळी कोणती ते डॉक्टरांना दाखवा.

ती बहुधा डायसल्फिराम असते. ती घेतलेल्या माणसाने दारू प्यायली की तोंड लाल होतं, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब घसरतो. सांगून, संमतीने, तपासण्या करून काही पेशंटना ती उत्तम उपयोगी पडते, कारण आज प्यायचं नाही हे त्याने सकाळीच ठरवलेलं असतं. न सांगता दिली तर तो प्यायचा तेवढा पितो आणि अतिदक्षता विभागात पोचतो. शिवाय या औषधाने संशय आणि भास वाढू शकतात. ज्याला आधीच वाटतं की बायको जेवणात काही घालते, त्याच्या जेवणात खरोखर काही घालणं... त्यानंतर तो कुणाच्याही हातची गोळी घेणार नाही. उपचार तिथेच संपतात.

रानजाई | गुरुवार, दुपारी ३:३०

काल लिहिते म्हणाले होते.

माझा मुलगा बारावीनंतर बिघडत गेला. गांजा आधी की आवाज आधी, हे आजही मला सांगता येत नाही. डॉक्टर म्हणतात गांजाने हा आजार लवकर उघडा पडतो आणि जास्त बिघडतो. आम्ही आधी सगळा जोर गांजावर लावला. तो दवाखान्यात जायला तयारच होईना, कारण तिथे काय बोलणं होणार ते त्याला ठाऊक होतं.

मग आम्हाला एक मॅडम भेटल्या. त्यांनी पहिल्या भेटीत गांजाचा शब्दही काढला नाही. त्याला विचारलं, तुला काय हवंय? तो म्हणाला, झोप. आवाज रात्री जास्त येतात, झोप लागत नाही, म्हणून ओढतो. त्या म्हणाल्या, मग झोपेचं बघू. झोप सुधारली तसा तो त्यांच्याकडे स्वतःहून जाऊ लागला. गांजाचा विषय त्यानेच काढला, कितीतरी महिन्यांनी. पिंपळपान ताईंनी लिहिलेला दुसरा टप्पा वाचला आणि कळलं, आमच्याकडे झालं ते हेच होतं.

त्याला आता महिन्याचं इंजेक्शन आहे. रोजची गोळी घेतलीस का, जीभ दाखव, हे भांडण घरातून गेलं. ही मोठी सुटका आहे, त्याचीही आणि माझीही. त्या दिवशी आम्ही दोघं एसटीने जातो, इंजेक्शन झालं की मिसळ खातो आणि परत येतो. तो त्या दिवसाची वाट बघतो. मिसळीसाठी बघत असेल, मला चालतं.

गांजा पूर्ण सुटलेला नाही. कमी झालाय. आधी मला हे कुणाला सांगायची लाज वाटायची. आता वाटत नाही, कारण तो तीन वर्षांत एकदाही ॲडमिट झालेला नाही आणि एका नर्सरीत रोपांना पाणी घालायचं काम करतो.

पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनच्या, म्हणजे सा च्या, पालकांच्या गटात बसले तेव्हा पहिल्यांदा माझ्या तोंडून सगळं बाहेर आलं. आईवडिलांनी पण कुठेतरी जायला हवं.

मनडॉक्टर | गुरुवार, संध्याकाळी ७:०५

रानजाई ताई, तुमच्या त्या मॅडमना माझा सलाम.

तुमच्यावरून एक राहिलेली गोष्ट लिहितो. स्किझोफ्रेनियात कधी क्लोझापिन हे औषध द्यावं लागतं आणि व्यसन सोबत असेल तर ते विशेष उपयोगी पडतं असा अनुभव आहे. त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशींची तपासणी सुरुवातीला दर आठवड्याला लागते, ती चुकवायची नाही. आणि सिगारेट-बिडीच्या धुरामुळे या औषधाची पातळी कमी राहते. पेशंट जिथे धूम्रपान बंद आहे अशा केंद्रात गेला आणि बिडी एकदम थांबली, की तोच डोस अंगावर जास्त पडतो. पेंग, लाळ, फिटसुद्धा. म्हणून कुठेही दाखल करताना बिडी किती ओढतो हे औषधांच्या यादीइतकंच ठळक लिहा.

मांडवी | गुरुवार, रात्री ९:५०

पणजीहून लिहिते. आमच्याकडे संगथ संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दारूचा त्रास असलेल्या पुरुषांचं समुपदेशन करवलं. जास्तीत जास्त चार बैठका. नुसत्या नेहमीच्या उपचारांपेक्षा यात कोरडं राहणाऱ्यांचं प्रमाण चांगलं वाढलेलं दिसलं. हे स्किझोफ्रेनिया किंवा बायपोलर असलेल्यांसाठी नव्हतं, त्यामुळे सरसकट लावता येणार नाही. पण समुपदेशक त्याच तालुक्यातला, त्याच बोलीत बोलणारा, हे मला महत्त्वाचं वाटतं. माणूस परत येतो तो ओळखीच्या माणसाकडे.

एक_वाचक_लातूर | गुरुवार, रात्री १०:२०

ओळखीचं माणूस हवं हे पटलं, पण आमच्या बाजूला मनोविकारतज्ज्ञच दूर आहेत. कुठून सुरुवात करायची?

पिंपळपान | शुक्रवार, सकाळी ७:१५

जिल्हा रुग्णालयातून. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचा चमू तिथे बसतो, औषधं मोफत मिळतात. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण प्रत्येकाला तिथवर जायची गरज नसते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६, दिवसरात्र, मराठीत बोलता येतं. व्यसनासाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६. तारीख लांब असेल तर मधल्या काळासाठी हे नंबर घरात सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या.

उपचार मिळणं हेच आपल्याकडे किती दुर्मीळ आहे ते सांगते. केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी एम्सने केलेल्या पाहणीत, २०१९ च्या अहवालात, दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकाला कसले तरी उपचार मिळाल्याचं दिसलं. दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळालेला १८० जणांत एक. आणि मिळाले त्यांतले टिकले किती हा पुढचा प्रश्न. म्हणून दारात आलेला एकही माणूस "आमच्याकडे बसत नाही" म्हणून परत पाठवू नये, असं मला कळकळीने वाटतं. फार तर पुढच्या दाराशी हात धरून पोचवावं.

कायदेकानू | शुक्रवार, सकाळी ११:००

वकील आहे, माझ्या कामापुरतं लिहितो. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये मानसिक आजाराच्या व्याख्येतच दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित मानसिक अवस्था धरल्या आहेत. म्हणजे कायद्याच्या नजरेत ही दोन वेगळी खाती नाहीत. निवासी उपचार देणाऱ्या संस्थेची या कायद्याखाली नोंदणी आहे का, हे दाखल करण्याआधी विचारा. साखळीने बांधणं कायद्याने मना आहे. असं दिसलं तर माणूस तिथे ठेवू नका.

स्वतःच्या इच्छेने दाखल होणं कलम ८६ मध्ये, आणि निर्णयक्षमता खूप खालावलेली असताना नामनिर्देशित व्यक्तीच्या (पेशंटच्या वतीने बोलायला नेमलेल्या माणसाच्या) अर्जावरून दाखल करणं कलम ८९ मध्ये, एका वेळी ३० दिवसांपर्यंत.

कृष्णाकाठ ताई, तुमच्या प्रश्नाशी थेट जोडलेलं कलम ५ आहे. माणूस बरा असताना साध्या कागदावर लिहून ठेवू शकतो, की पुढे माझी तब्येत बिघडली तर मला असे उपचार द्या, असे देऊ नका, आणि माझ्या वतीने अमुक व्यक्ती बोलेल. याची रीतसर पद्धत आहे, ती डॉक्टरांकडून किंवा जवळच्या विधी सेवा प्राधिकरणातून समजून घ्या. "माझं लिथियम माझ्या मनोविकारतज्ज्ञांना विचारल्याशिवाय बंद करू नये" हे तुमच्या भावाच्या सहीने लिहिलेलं असेल, तर पुढच्या केंद्राला तोंडी नियम सांगून भागणार नाही.

विम्याबद्दल विचारपूस होते म्हणून: कलम २१ नुसार मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच विमा संरक्षण द्यायचं आहे. पण बऱ्याच पॉलिसींमध्ये दारू आणि व्यसनाच्या उपचारांसाठी वगळणुकीचं कलम असतं, तिथे 'एक्ससीएल १२' असं लिहिलेलं सापडेल. दोन्ही आजार असलेल्या पेशंटचा दावा नेमका इथे अडतो. दाखल होण्याआधी पॉलिसी वाचा, आणि बायपोलरसाठी दाखल केलं असेल तर ते कागदावर स्पष्ट आहे ना, ते डॉक्टरांना विचारा.

कृष्णाकाठ | शुक्रवार, रात्री ९:३०

सगळ्यांची उत्तरं वाचून काल रात्री मी आणि आई बराच वेळ बोललो. कसे आभार मानू कळत नाही.

एक प्रश्न राहिला. रोजच्या जगण्यातला आहे. तो संध्याकाळी पिऊन आला, तर रात्रीच्या गोळ्या द्यायच्या की नाही? गोळी आणि दारू एकत्र नको, म्हणून तो स्वतःच त्या दिवशी सगळ्या गोळ्या टाळतो. प्यायचे दिवस वाढले की गोळ्यांचे दिवस आपोआप कमी होतात.

आजचा_दिवस | शुक्रवार, रात्री ९:४८

ताई, हे अगदी माझं. आणि गंमत नाही, मला त्यात शहाणपणा वाटायचा. "निदान एकत्र तरी घेत नाही."

मनडॉक्टर | शुक्रवार, रात्री ११:१५

फार योग्य प्रश्न, आणि फार थोडे लोक विचारतात. उपचार निसटतात त्यातली ही एक मोठी फट आहे.

याचं उत्तर तुमच्या डॉक्टरांनी, त्याच्या औषधांची यादी समोर ठेवून, आधीच लिहून द्यायला हवं. ऐन रात्री ठरवायची ही गोष्ट नाही. सर्वसाधारणपणे झोपेच्या आणि गुंगी आणणाऱ्या गोळ्या दारूवर धोक्याच्या असतात, श्वास मंदावतो, त्या त्या रात्री टाळायला सांगतात. मूड स्थिर ठेवणारी औषधं मात्र एका ग्लासासाठी बंद करत गेलं तर आजार उसळतो. त्यातही लिथियम असेल आणि उलट्या होत असतील तर ती वेळ वेगळी, तेव्हा फोन करून विचारायचं. म्हणून डॉक्टरांना सांगा: प्रत्येक गोळीपुढे 'प्यायला असेल तर' असा एक रकाना करून द्या. घ्यायची, टाळायची, की फोन करायचा. आम्ही हे देऊ शकतो, फक्त मागावं लागतं. आणि तो कागद भावासमोर बनू द्या. "प्यायल्यावरही तुझे उपचार चालू आहेत" हे त्याला त्यातूनच कळेल.

कृष्णाकाठ | रविवार, दुपारी १२:०५

पुढच्या गुरुवारची वेळ मिळाली. समुपदेशक आणि डॉक्टर दोघंही त्याच दवाखान्यात बसतात अशी जागा सांगलीत सापडली. संमतिपत्रावर त्याने सही केली.

आज सकाळी तो रेषेचा कागद घेऊन बसलो. मी आधीच भरून ठेवला होता, दारू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापासून आणि झोप उडणं त्यानंतर. त्याने पेन घेतलं आणि माझं खोडलं. म्हणाला, पहिल्या वर्षाच्या परीक्षेआधी मी चार रात्री झोपलो नव्हतो, तेव्हा दारूचा वासही मला आवडत नव्हता, कुणाला सांगितलं नव्हतं. पुढचा सगळा कागद त्यानेच भरला. मधल्या कोरड्या महिन्यांपुढे त्याने 'खूप खाली' असं लिहिलंय. आम्हाला ते महिने चांगले वाटले होते.

मनडॉक्टर | रविवार, दुपारी ४:२०

गुरुवारी आत गेल्यावर सगळ्यात आधी हा कागद द्या, फाईल नंतर. त्यातल्या चार रात्री आणि ते कोरडे महिने निदानासाठी फार महत्त्वाचे आहेत. ते त्याच्याच तोंडून सांगू द्या.

सध्या तो पीत असेल तर गुरुवारसाठी म्हणून अचानक थांबवायला लावू नका, आत्ता रोज किती आहे ते खरं सांगा. घरातल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या, दुकानातून आणलेल्या वेदनाशामकासकट, पिशवीत घालून न्या. लिथियम चालू असेल तर पातळीसाठी रक्त आदल्या रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी द्यायचं असतं. म्हणजे रात्री नऊला घेतली तर सकाळी नऊला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यावर.